गोपनीय पिशवीतलं पाणी

नियमकाकांची अब्रू गेली ती एका पायजम्यापायी. बरं, पायजमा तरी धड असावा, तर तोही गुडघ्याला फाटलेला. जायचीच होती तर निदान इस्त्रीच्या कपड्यांपायी जायला हवी होती, असं त्यांना अजूनही वाटतं, पण असल्या गोष्टी माणसाला निवडता येत नाहीत.

नियमकाका हे नाव त्यांना बिल्डिंगने दिलं. ऑफिसात ते 'साहेब' होते, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अधीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजले, खाकी पिशव्यांत भरले, पिशव्यांच्या तोंडावर लाख ओतून सील ठोकलं आणि खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला 'अर्जासोबत झेरॉक्स जोडा' असं सांगितलं. एवढ्या वर्षांत एक गठ्ठा इकडचा तिकडे झाला नाही. 'माझ्या हातून कागद हरवलेला दाखवा, मिशी उतरवून देतो,' असं ते छातीठोकपणे म्हणत. मिशी त्यांना नव्हतीच, पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की परीक्षा विभागात त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ होती, आणि घर, पगार, तब्येत यांपैकी कशाचाही नसेल इतका त्यांना त्याचा अभिमान होता.

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर नवी बिल्डिंग उभी राहिली तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं, 'विद्येच्या सावलीत तुमचं घर'. यातला प्रत्येक शब्द खरा निघाला. विद्यापीठाची बारा मजली कचेरी बरोबर समोर होती आणि तिची सावली सकाळपासून दुपारी एकपर्यंत बिल्डिंगवर पडून असायची. एकनंतर दीड तास ऊन यायचं, तेही फक्त बाल्कनीत. मग ते पाण्याच्या टाकीमागे जायचं आणि दिवस संपायचा. या दीड तासाच्या उन्हासकट घराची किंमत काकांनी मेहुण्याला सांगितली, तेव्हा त्याने 'यात फ्लॅट मिळतो की विद्यापीठ?' असं विचारलं होतं. काकांनी पुढे सहा महिने त्याच्याशी बोलणं टाकलं.

सुखसोयी भरपूर होत्या. लॉबीत वाचनालय होतं. त्यातलं पुस्तक काढायला गेलं की अख्खी ओळ हातात यायची, कारण ते नुसते पुठ्ठ्याचे कणे होते. तळमजल्यावर 'लाँड्री लाउंज' अशी पितळी पाटी होती आणि आत बिल्डरच्या उरलेल्या फरश्या होत्या. गच्ची होती, पण तिला कुलूप होतं. किल्ली बिल्डरच्या माणसाकडे होती आणि तो माणूस कुठे असतो हे बिल्डरलाही ठाऊक नव्हतं. पण काका खूश होते. या बिल्डिंगमध्ये राहणारे लोक म्हणजे प्राध्यापक, डॉक्टर, वकील. ज्यांच्या सह्या आयुष्यभर फायलीत बघितल्या ते आता लिफ्टमध्ये खांद्याला खांदा लावून उभे असत आणि 'कसं काय?' विचारत.

रहिवाशांची पहिली सभा भरली तेव्हा काकांनी जाहिरातीतलं चित्र सगळ्यांसमोर धरलं. चित्रात ऐंशी बाल्कन्या होत्या आणि एकीतही कपडा वाळत नव्हता. आपण जे विकत घेतलं ते हे आहे, असं काकांनी खणखणीत आवाजात सांगितलं. टाळ्या पडल्या. एकतीस वर्षांत काकांच्या वाक्याला कुणी टाळी दिली नव्हती, त्यामुळे ते जरा वाहवत गेले. शिस्त समितीचं अध्यक्षपद त्यांनी दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा घेतलं आणि आठवड्याभरात बावीस नियम लिहून काढले. त्यातला चौदावा असा: 'कोणत्याही सदनिकेच्या बाल्कनीत, खिडकीत अथवा दर्शनी भागात कपडे, चादरी, फडकी वा तत्सम वस्तू वाळत घालता येणार नाहीत. भंग करणाऱ्या सदनिकेचा क्रमांक लिफ्टशेजारील फलकावर सात दिवस प्रसिद्ध करण्यात येईल.' 'वा तत्सम वस्तू' या शब्दांवर तर काका फार खूश होते.

घरी येऊन त्यांनी तो काकूंना वाचून दाखवला. काकू न्हाणीघरात चादर पिळत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की मग आपले कुठे वाळवायचे? काका म्हणाले, 'बघू, मार्ग काढू.' परीक्षा विभागात या वाक्याचा अर्थ काय होतो, हे काकूंना एकतीस वर्षांत पाठ झालेलं होतं. त्यांनी चादर परत बादलीत टाकली.

पुढचे दोन महिने घर म्हणजे एक मोठी दोरी झालं. दारांवर टॉवेल, खुर्च्यांवर शर्ट, टीव्हीवर मोजे. पंख्याला बांधलेला गाउन गरगर फिरायचा आणि जेवताना अंगावर शिंतोडे उडायचे. कपाटामागची भिंत आधी ओलसर झाली, मग हिरवी. काकूंचा खोकला जाईना. चौथ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, आम्ही तर सुकायला वेळ लागणारे कपडेच घालत नाही. म्हणजे काय घालता, हे विचारण्याची काकांना लाज वाटली. एक दिवस तर काका ओलसर पँटनेच बैठकीला गेले आणि उठले तेव्हा खुर्चीवर त्यांची संपूर्ण आकृती उमटलेली होती. शेजारी बसलेल्या उपकुलसचिवांनी ती बघितली, काकांकडे बघितलं आणि वयानुसार होतं असं, अशा नजरेनं मान हलवली. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता माणसानं काय करावं? सरळ सभेत उभं राहून म्हणावं, की मंडळी, चौदावा नियम चुकला, मागे घेऊ. पण ज्या वाक्याला टाळ्या पडल्या ते मागे घेणारा माणूस वेगळाच असतो आणि काका तसले नव्हते. त्यांना सुचली ती रेकॉर्ड रूम.

परीक्षा विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर जुन्या उत्तरपत्रिकांची खोली आहे. तीन बाजूंनी खिडक्या, दिवसभर कडकडीत ऊन, गठ्ठे बांधायच्या सुतळ्या भिंतीभिंतीला आधीच ताणलेल्या. किल्ली एकट्या काकांकडे. आणि तिथे जायला लागते ती पिशवीही हाताशीच होती: विभागाची जुनी खाकी पिशवी, वर लाल अक्षरांत 'गोपनीय'. बिल्डिंगचा वॉचमन येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्यांत डोकावायचा (नियम नववा, तोही काकांचाच), पण या पिशवीला तो सलाम करायचा. ऑफिसचा शिपाई तर ती हातातून घेऊन जिन्यावर पुढे चालायचा आणि लोकांना बाजूला करायचा. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसातल्या माणसाला हे सुचलं नसतं, कारण दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात आपल्या पिशवीबद्दल लोकांना इतका आदर नसतो. सकाळी ओले कपडे जायचे, संध्याकाळी पाचला कोरडे परत यायचे. तीन महिने हे बिनबोभाट चाललं. काकूंना त्यांनी 'ऑफिसात सोय झालीय' एवढंच सांगितलं होतं, आणि काकूंनीही जास्त खोदून विचारलं नाही. खोकला मात्र थांबला.

मग एके सकाळी पिशवीच्या आतलं प्लास्टिक फाटलं.

लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या वनस्पतीशास्त्राच्या बाई होत्या. बाई विद्यापीठात शिकवत आणि त्यांचं लक्ष फार बारीक. सातव्या मजल्यापासून पिशवी टपटप गळत होती. चौथ्या मजल्यापर्यंत बाई गप्प होत्या. मग त्यांनी खाली बघितलं, 'गोपनीय' वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. उत्तरपत्रिका भिजल्या की काय, असं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

काकांनी खरं तर हसून 'छे हो, पायजमे आहेत' म्हणायला हवं होतं. बाई हसल्या असत्या, गोष्ट तिथेच मिटली असती, फलकावर सात दिवस सातशे चार हा आकडा लागला असता आणि जग चाललं असतं. पण लिफ्टमध्ये दातांचे डॉक्टरही शिरले होते. काकांनी मान डोलावली. जरा ओल झालीय, वाळवायला नेतोय, असं म्हणाले. कुठल्या विषयाच्या, असं बाईंनी विचारल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवून पिशवीवरच्या लाल अक्षरांकडे बघितलं.

बाईंनी कुणालाही सांगायचं नाही असं ठरवून फक्त विभागप्रमुखांना सांगितलं. विभागप्रमुखांनी तसंच ठरवून दोघांना सांगितलं. दुपारपर्यंत शेवटच्या वर्षाचे रसायनशास्त्राचे पेपर भिजले होते. दुसऱ्या दिवशी सगळी विज्ञान शाखा पाण्याखाली गेली. तिसऱ्या दिवशी शाई उतरल्यामुळे सगळ्यांना सरसकट पस्तीस मार्क देणार अशी पक्की बातमी आली आणि चौथ्या दिवशी परीक्षा विभागाच्या दारात दोनशे विद्यार्थी घोषणा देत उभे राहिले. काका मागच्या दारानं आत गेले. हातात अर्थातच पिशवी होती, कारण त्या दिवशी चादरीचा वार होता.

परीक्षा नियंत्रक हा काकांचा साहेब. घामानं डबडबलेल्या अवस्थेत तो काकांना म्हणाला, की तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. सगळे गठ्ठे मोजून अहवाल द्या. काकांनी यादीवरून ताळा घातला. सगळे गठ्ठे परीक्षकांकडे सुखरूप पोचलेले होते, एकही कमी नव्हता, आणि तसा अहवाल त्यांनी स्वच्छ अक्षरांत दिला. विद्यार्थ्यांनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला: मग त्या पिशवीत काय होतं?

तीन वाजता नियंत्रक, वनस्पतीशास्त्राच्या बाई आणि विद्यार्थ्यांची प्रतिनिधी रेकॉर्ड रूमच्या दिशेनं निघाल्याचं शिपायानं धावत येऊन सांगितलं. जिन्यावर पावलं वाजत होती तेवढ्या वेळात त्यांनी सुतळ्यांवरून सगळं ओरबाडलं, अर्धंओलं तसंच पिशवीत कोंबलं आणि तोंड बांधलं. दार उघडलं तेव्हा काका पिशवीशेजारी छत्री विसरलेल्या माणसासारखे उभे होते. हीच ती पिशवी, असं बाईंनी ओळखलं. नियंत्रकानं तिथल्या तिथे हुकूम दिला: पिशवी सील करा, चौकशी समिती नेमतो, परवा अकरा वाजता सगळ्यांसमक्ष उघडू. समितीचा सचिव म्हणून विभागातला सगळ्यात सचोटीचा माणूस हवा होता. तो कोण, हे सांगायला नको.

आपल्या पायजम्यावर काकांनी आपल्या हातानं लाख ओतली. सील इतकं सुबक बसलं की प्रतिनिधीनंही वाकून बघितलं.

प्रतिनिधी म्हणजे जाड भिंगाचा चष्मा लावणारी, शेवटच्या वर्षाची मुलगी. ती घोषणा देणाऱ्यांतली नव्हती, सगळ्यांत नीट लिहिता येतं म्हणून तिला पुढे केलं होतं. बाकीचे गेल्यावर ती व्हरांड्यात थांबली. कुलगुरूंच्या कचेरीत फेरपरीक्षेची सूचना टाइप होऊन पडली आहे, हे तिला कळलं होतं. पिशवीचा उलगडा झाला नाही तर अकराशे चाळीस जणांनी पुन्हा परीक्षेला बसायचं.

"काका, मला नोकरी मिळालीय," ती म्हणाली. "एक तारखेला निकाल हातात हवा. परत परीक्षा झाली तर ते लोक थांबणार नाहीत. घरात मी एकटीच कमावणार आहे."

काकांच्या तोंडाशी सगळं आलं होतं. पोरी, त्यात माझे कपडे आहेत, जा, घरी जा, असं एवढंच म्हणायचं होतं. पण एकतीस वर्षं जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं.

"नियमाप्रमाणे होईल," काका म्हणाले.

ती मान हलवून गेली. काका व्हरांड्यात उभे राहिले आणि त्यांना स्वतःचा इतका तिटकारा आला की ते चहाही न घेता घरी आले. घरी काकूंनी फुलाफुलांची चादर कुठे गेली असं विचारलं. काकांनी ऑफिसात आहे म्हणून सांगितलं. बनियन? तेही ऑफिसात. काकू पोळपाट घेऊन वळल्या. दोन दिवस काकांनी एकच बनियन वापरलं आणि कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

परवा म्हणता म्हणता परवा आलाच. सभागृहात लांब टेबल, टेबलावर पिशवी, पिशवीला दोन दिवसांचा कुबट वास. तीन सदस्य, नियंत्रक, बाई, प्रतिनिधी आणि कोपऱ्यात शिपाई. सचिव या नात्यानं सील शाबूत असल्याची नोंद काकांनी स्वतः केली आणि स्वतःच ते फोडलं. वस्तू बाहेर काढून पुकारायचं काम शिपायाकडे होतं. त्यानं पहिली वस्तू काढली, उलटसुलट करून बघितली आणि कामाला बांधलेल्या माणसाच्या आवाजात पुकारली: पायजमा एक, निळा, गुडघ्याला फाटलेला.

काकांनी लिहिलं. दुसरं काय करणार, सचिव होते. चादर एक, फुलाफुलांची. गाउन दोन. बनियन चार. मोजे पाच. पाच कसे, असं एका सदस्यानं विचारलं आणि मोजे पुन्हा मोजले गेले. पाचच भरले. वनस्पतीशास्त्राच्या बाई खिडकीतून बाहेरचं एक झाड फार बारकाईनं बघत होत्या. शिपायानं पिशवी उलटी करून झटकली, तेव्हा कपड्यांचा एक चिमटा टेबलावर पडला आणि घरंगळत नियंत्रकापाशी गेला.

"हे कुणाचं आहे?" नियंत्रकानं विचारलं.

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं काकांना वाटत होतं, पण सभागृहाला पक्की फरशी होती. आणि मग ते जे बोलले ते आठवलं की आजही त्यांना जेवण जात नाही.

"मिसेसनं चुकून पिशवी बदललेली दिसतेय," काका म्हणाले. "मला काही कल्पना नाही."

खोलीत क्षणभर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग एका सदस्यानं शांतपणे विचारलं, की पिशवी बदलली असेल तर खरी पिशवी, म्हणजे उत्तरपत्रिकांची, तुमच्या घरी आहे का? नियंत्रक ताडकन उठला. प्रतिनिधी मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. एक खोटं झाकायला काकांनी जे पांघरूण घातलं होतं ते भलतंच लांब निघालं आणि त्याचं दुसरं टोक थेट त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचलं. फोन करा, त्यांना बोलवा, जबाब घ्या, असा हुकूम सुटला. घर मागच्या फाटकासमोरच. पंधरा मिनिटांत काकू आल्या. घरातल्याच कपड्यांत, पायात सपाता, हाताला अजून साबणाचा वास.

त्यांनी टेबलाकडे बघितलं. पायजमा, चादर, स्वतःचे दोन गाउन, ओळीनं मांडलेले पाच मोजे. मग काकांकडे बघितलं. काका कागदात डोकं घालून बसले होते. पिशवी तुम्ही बदललीत का, असं नियंत्रकानं विचारलं आणि तुमचे मिस्टर तसं म्हणतात, हेही सांगितलं.

काकूंनी चादरीचं लोंबणारं टोक टेबलावर सरळ केलं. तेवढ्या वेळात काकांना वाटलं, की त्या आता बोलतील, सगळं सांगतील आणि बरंच होईल.

"हो, मीच कपडे भरले," काकू म्हणाल्या. "ह्यांना ठाऊक नव्हतं. पण घरी कसल्याही उत्तरपत्रिका नाहीत. कधी आल्याच नाहीत. हे ऑफिसातला कागद घरी आणत नाहीत, पेन्सिलसुद्धा आणत नाहीत. बघायचं तर चला."

त्यांच्या बोलण्यात असं काही होतं की बघायला कुणी उठलं नाही. नियंत्रकानं सुस्कारा सोडला. संपलं म्हणाला, पिशवीत उत्तरपत्रिका कधी नव्हत्याच, फेरपरीक्षा नाही, मुलांना सांगा. प्रतिनिधी मुलीनं चष्मा काढून डोळे पुसले. वहिनींचा जबाब लिहून घ्या, सही घ्या, फाइल बंद करा, असं काकांना सांगण्यात आलं.

काकांनी जबाब लिहिला. त्यांना विचार करावा लागला नाही. असले जबाब त्यांनी शेकड्यांनी लिहिले होते, वाक्यं हातातूनच येत. 'सदर महिलेच्या निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला असून सदर महिलेस त्याची पूर्ण जाणीव आहे.' कागद त्यांनी काकूंपुढे सरकवला आणि सवयीनं सहीच्या जागेवर बोट ठेवलं. काकूंनी न वाचता सही केली.

मग नियमाप्रमाणे सचिवानं जबाब मोठ्यानं वाचून दाखवायचा होता. काका उभे राहिले. वाचायला लागले. 'निष्काळजीपणामुळे' हा शब्द आला आणि पुढचं त्यांच्या तोंडून फुटेना. समोर बायको उभी होती, साबणाच्या हातांनी, सगळ्यांच्या देखत, आणि तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. रोज दूध ओतताना असायचा तसाच चेहरा होता. आपण काय लिहिलंय हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते लपवायलाही हात मोकळा नव्हता.

"साहेब, हे खोटं आहे," काका म्हणाले. "कपडे रोज मीच आणतो. तीन महिने झाले. इथे रेकॉर्ड रूममध्ये वाळवतो. तिचा ह्यात काही संबंध नाही. बाईंना लिफ्टमध्ये उत्तरपत्रिका आहेत असं मीच सांगितलं. लाज वाटली म्हणून."

आता इथे कुणालाही वाटेल की मोठी खळबळ माजली असेल. तसं काही झालं नाही. नियंत्रक म्हणाला, बसा हो, कशाला वाढवताय. एका सदस्यानं सांगितलं, की जबाब झाला, सही झाली, आता बदलता येत नाही, आणि हा नियम तुम्हीच तर सगळ्यांना शिकवलात. दुसऱ्याच्या मते सचिवाला स्वतःचा जबाब घेता येत नाही, त्यासाठी नवीन समिती लागेल. तिसऱ्याला जेवायला जायचं होतं. एकतीस वर्षांत काका पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे होते आणि आत कुणी त्यांचा अर्ज घेत नव्हतं. शेवटी त्यांनी खाली बसून, काकूंचा जबाब उभ्या रेघेनं खोडून, त्याखाली आपल्या हातानं सगळं लिहिलं. पायजमा, मान डोलावणं, 'मला काही कल्पना नाही', सगळं. सही केली. शिपायानं नाकाला रुमाल लावून कपडे परत पिशवीत भरले. नियंत्रकानं कागद वाचला आणि मेमो काढावा लागेल म्हणाला. काढा, काका म्हणाले.

प्रतिनिधी मुलगी दारात थांबली होती. ती हसली नाही, हे काकांना फार लागलं. त्यापेक्षा हसली असती तर परवडलं असतं. बाहेर मात्र बातमी पोचली होती. दोनशे विद्यार्थ्यांनी मधून वाट करून दिली आणि त्या वाटेनं काका काकूंबरोबर पिशवी घेऊन चालत गेले. कुणीतरी मागून 'पायजमा एक' असं पुकारलं. हशा पिकला. काकूंनी मागे वळून बघितलं नाही, काकांना बघवलं नाही.

दोघं मागच्या फाटकापाशी आले. मग काकांनी धीर करून विचारलं,

"अगं, पण न वाचता सही कशी केलीस तू?"

"फ्लॅटच्या कागदांवर तरी कुठे वाचून केली होती?" काकू म्हणाल्या. "तुम्ही बोट ठेवलंत, मी केली."

आवाज अजिबात चढलेला नव्हता. दुकानातून काय आणायचं ते सांगतात तशा सुरात त्या बोलल्या आणि चालू लागल्या. काका रस्त्यातच थांबले. मागून एक सायकलवाला घंटी वाजवून वाजवून दमला आणि वळसा घालून गेला. हे घर घेताना आपण मेहुण्याला विचारलं होतं, नियंत्रकाला विचारलं होतं, बँकेतल्या माणसाला विचारलं होतं, जाहिरात वाटणाऱ्या मुलीलासुद्धा विचारलं होतं, हे त्यांना उन्हात उभ्या उभ्या आठवलं. हिला विचारलेलं मात्र काही केल्या आठवेना.

घरी काकूंनी पिशवी उपडी केली आणि कपडे पुन्हा धुवायला घेतले. काका न्हाणीघराच्या दारात उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, मोठं, माफीचं, पण त्यांच्याकडची सगळी वाक्यं 'सदर' या शब्दानं सुरू होत होती. शेवटी त्यांनी पिळलेल्या कपड्यांची बादली उचलली.

"कुठे घालू?" त्यांनी विचारलं.

काकूंनी मानेनंच बाल्कनी दाखवली. दीड वाजला होता. काकांनी दोन कड्यांना सुतळी बांधली आणि सातव्या मजल्यावर, सगळ्या बिल्डिंगच्या आणि निम्म्या विद्यापीठाच्या डोळ्यांदेखत, चादर टाकली. मग गाउन. मग तो पायजमा, फाटका गुडघा बाहेरच्या बाजूला. खाली वॉचमननं मान वर केली आणि नेमून दिल्याप्रमाणे मोबाइल काढून फोटो घेतला. समोरच्या कचेरीच्या खिडक्यांतही दोनचार डोकी दिसली. काका कठड्याशी ताठ उभे राहिले, शिक्षा भोगणाऱ्या माणसानं उभं राहावं तसे, कान लाल, मान खाली. काय व्हायचं ते होऊ दे, आता आपण इथून हलायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मोजे घेऊन काकू बाहेर आल्या. त्यांनी सुतळीकडे बघितलं, काकांकडे बघितलं.

"बाजूला व्हा जरा," त्या म्हणाल्या. "ऊन अडतंय तुमच्यामुळे."